आठल्ये आणि 'नी' धातू

शिकागोजवळच्या शॉमबर्गमध्ये नरेंद्र आठल्यांना चालताना कुणी पाहिलेलं नव्हतं. कोपऱ्यावरच्या पेटीत पत्र टाकायचं असलं तरी ते गॅरेज उघडायचे, गाडी बाहेर काढायचे, आरसे नीट करायचे आणि पेटीपर्यंत जाऊन परत यायचे. सांगलीला इंजिनिअरिंग कॉलेजात असताना आपण इतकी सायकल मारली की या जन्माचा कोटा तिथेच संपला, असं ते स्वतःच सांगत. अमेरिकेत पहिली सेकंडहँड गाडी घेतली त्या दिवशी 'आता पुन्हा पायडलला पाय लावणार नाही' अशी प्रतिज्ञा त्यांनी केली होती, आणि ती बायकोसमोर केली होती, म्हणजे मोडायची सोयच नव्हती.

त्यामुळे अठ्ठ्याऐंशी सालच्या वसंतात एका रविवारी सकाळी आठल्ये मॉलच्या रिकाम्या पार्किंग लॉटमध्ये सायकलवर दिसले, तेव्हा महाराष्ट्र मंडळाच्या गिरीश पेंडशांनी गाडीला करकचून ब्रेकच लावला. आठल्यांनी फुल पँट घातली होती आणि तिच्या घोट्यांवर सांगलीत लावायचे तशा लोखंडी क्लिपा लावल्या होत्या. त्या क्लिपा त्यांनी अमेरिकेत कुठे मिळवल्या, की इतकी वर्षं जपून ठेवल्या होत्या, देव जाणे.

"काय झालं? गाडी बंद पडली?" पेंडशांनी काच खाली करून विचारलं.

"नाही. प्रॅक्टिस करतोय."

"कसली?"

"सायकलची."

पेंडशांनी इकडे-तिकडे पाहिलं. मग आवाज खाली आणून म्हणाले, "लायसन्स गेलं का? मला सांगायला लाजू नका यार. ऑफिसला मी ड्राइव्ह करीन तुम्हाला."

संध्याकाळपर्यंत आठल्यांचं लायसन्स जप्त झाल्याची बातमी मंडळभर झाली. पुढच्या प्रत्येक रविवारी जो मराठी माणूस तिथून जायचा तो थांबून राइड देऊ करायचा. आठल्ये नको म्हणायचे, की तो आणखी हळहळून निघून जायचा. खरं कारण आठल्ये सांगत नव्हते, कारण ते त्यांच्या मुलीचं होतं.

वीणा ही त्यांची एकुलती एक लेक. जन्म इथला, शाळा इथली. मराठी तिला सगळं कळायचं, पण तोंडातून बाहेर पडायचं ते इंग्रजी. "जेवलीस का गं?" असं आठल्यांनी विचारलं की "आय एट" असं उत्तर यायचं. लहानपणी ती 'बाबा, मला उचल' म्हणत असे, पण पहिलीच्या वर्गात गेल्यावर ते थांबलं ते थांबलंच. आठल्यांना याचं वाईट वाटायचं, आणि ज्या गोष्टीचं वाईट वाटतं तिच्यावर भाषण द्यायची त्यांना खोड होती. मंडळाच्या दर गणेशोत्सवात 'संस्कृत आणि जगातल्या भाषा' हा त्यांचा ठेवलेला कार्यक्रम असे. डोअर म्हणजे द्वार, नेम म्हणजे नाम, डॉटर म्हणजे दुहिता, इथपर्यंत सगळं ठीक चालायचं. मग गाडी उताराला लागायची. शिकागो म्हणजे शिखा अधिक गो, अर्थात शेंडीवाली गाय, असं त्यांनी एका वर्षी सिद्ध केलं, तेव्हा बायका पानं वाढायला उठल्या.

तर या वीणाला मेडिकलची अ‍ॅडमिशन मिळाली होती. मंडळात पेढे वाटून झाले होते. आणि पोरगी म्हणाली, एक वर्ष थांबते. त्या वर्षात तिनं काय करावं? बॉस्टनच्या एका छोट्या कंपनीत गाइडची नोकरी धरली आणि ग्रीसला गेली. कंपनीचं काम असं, की हौशी अमेरिकन लोकांना सायकलवर बसवून जुनीपुराणी गावं दाखवायची आणि गावोगावी तिथलं जेवण जेवू घालायचं. एका वर्षाची दोन वर्षं झाली. आता कॉलेजनं कळवलं होतं, ऑगस्टमध्ये हजर व्हा, नाहीतर सीट दुसऱ्याला देऊ. फोनवर विषय काढला की वीणा म्हणायची, "आय'ल थिंक अबाउट इट, बाबा," आणि लाइन खरखरायला लागायची. ती नेमकी तेव्हाच कशी खरखरायची, हा आठल्यांना पडलेला प्रश्न होता.

ज्या सायकलपासून सुटका व्हावी म्हणून बाप सात समुद्र ओलांडून आला, त्याच सायकलवर लेक पोट भरते, हे आठल्यांना झोपू देईना. शेवटी त्यांनी तिच्याच टूरमध्ये आपलं नाव घातलं. वीणाला सांगितलं, सुट्टी घेतोय. बायकोला, म्हणजे शरयूबाईंना, सांगितलं, "तिला न्यायला चाललोय. घेऊनच येतो."

"या घेऊन," शरयूबाई म्हणाल्या. "फक्त तिथे भाषण देऊ नका."

टूरचा मुक्काम नाफ्प्लियो नावाच्या समुद्राकाठच्या गावात होता. रोज सकाळी निघायचं, एखादं पुरातन गाव बघायचं आणि संध्याकाळी परत यायचं. मागून एक व्हॅन येई. तिच्यात सामान आणि दमलेली माणसं घालत. पहिल्या दिवशी मायसीनीच्या चढावर व्हॅनमध्ये सायकल चढली आणि सायकलशेजारी आठल्ये चढले. ओहायोच्या लोइस नावाच्या रिटायर्ड मास्तरीणबाई त्यांना हात करून चढ चढून गेल्या. आठल्यांना फार लागलं ते. तीन हजार वर्षांपूर्वीचा दगडी दरवाजा समोर होता आणि आठल्यांचं सगळं लक्ष आपल्या पोटऱ्यांकडे होतं.

जेवणानं मात्र त्यांना सावरलं. रात्रीचं जेवण गावातल्या कातीना नावाच्या म्हातारीच्या खाणावळीत असायचं. आठल्ये शाकाहारी, जाताना शरयूबाईंनी दिलेला चिवडा आणि मेतकूट बरोबर होतं. त्यांनी कातीनाच्या स्वयंपाकघरात शिरून एकेक झाकण उचललं आणि त्यांचा चेहरा उजळला. एका पातेल्यात माठाची भाजी होती, अगदी आपली माठाची, नुसती उकडून लिंबू पिळलेली. एकात पिवळ्या डाळीचं घट्ट वरण होतं. एकात वालाहून मोठ्या कसल्याशा दाण्यांची उसळ. आणि मातीच्या वाडग्यात चक्का होता, श्रीखंडासाठी बांधावा तसा. त्यावर ही माणसं मध घालून खात. साखर आणि वेलदोडा मिळाला असता तर या लोकांचं कल्याण झालं असतं, असं आठल्यांनी लोइसबाईंना समजावलं.

तिथेच त्यांना तो शोध लागला. अंगणातल्या झाडाच्या लिंबाकडे बोट करून त्यांनी कातीनाला खुणेनं विचारलं, घेऊ का? म्हातारी म्हणाली, "ने, ने."

आठल्ये जागच्या जागी थिजले. ने! स्वच्छ मराठीत, अरे-तुरे करून, एखाद्या मावशीनं म्हणावं तसं. त्यांच्या डोक्यात लगेच चक्रं फिरू लागली. नी धातू, नयति. नेता, नयन, विनय, सगळे याचेच. संस्कृतातून मराठीत आला तसा हा ग्रीकमध्येही उतरला असणार, आणि जगात कुणाला याचा पत्ता नाही. त्यांनी लिंबं नेली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी शोधाची पडताळणी केली. कातीनाच्या दारात बारीक पानांची तुळस होती. "बेसिल?" त्यांनी विचारलं. "ने, ने," म्हातारी हसून म्हणाली. आठल्ये भारावून गेले. तुळस कुणी अशी परक्याला देत नाही. त्यांनी कुंडी उचलली, दोन्ही हातांनी कपाळाला लावली आणि हॉटेलच्या खोलीत नेऊन ठेवली. त्याच्या दुसऱ्या दिवशी ते ज्या खुर्चीवर बसून जेवत, गवती दोरी विणलेल्या एका निळ्या लाकडी खुर्चीवर, तिच्यावर थाप मारून ते म्हणाले, "व्हेरी नाइस. हँडमेड?" कातीना म्हणाली, "ने." आता मात्र आठल्यांना संकोच वाटला. पण नाही म्हटलं तर म्हातारीला वाईट वाटेल, म्हणून खुर्ची डोक्यावर घेऊन ते हॉटेलवर गेले. कातीना दारात उभी राहून बघत होती. परदेशी पाहुण्यांच्या नाना तऱ्हा तिनं पाहिल्या होत्या, आणि पाहुण्याला अडवायचं नाही असा तिचा रिवाज होता.

हे सगळं ठीक चाललं होतं, पण ज्यासाठी आले ते राहूनच जात होतं. वीणा दिवसभर कामात. ती सायकली दुरुस्त करी, पंक्चर काढी, ग्रीक लोकांशी ग्रीकमध्ये भांडून पाहुण्यांना ताजी भाकरी आणवी आणि दमलेल्या म्हाताऱ्यांना चढावर गोड बोलून वर नेई. आठल्यांनाही तिनं असंच एका चढावर नेलं, आणि ते पायडल मारत वर पोचल्यावर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना बरं वाटलं आणि बरं वाटल्याचा रागही आला. समोरासमोर बसून 'घरी येतेस का' असं तिला विचारायचं त्यांना धाडस होईना. ती नाही म्हणेल याचीच त्यांना भीती वाटत होती.

मग एपिडॉरस आलं. डोंगराच्या कुशीत दगडी पायऱ्यांचं प्रचंड अर्धगोल नाट्यगृह, उघड्या आभाळाखाली. मधल्या जागेत उभं राहून कुणी कुजबुजलं तरी शेवटच्या पायरीवर ऐकू येतं अशी त्याची ख्याती. वीणानं सगळ्यांना वर बसवलं आणि स्वतः खाली मधोमध उभी राहिली. तिनं कागद फाडला, तो आवाज वर आला. मग ती म्हणाली, कुणीही काहीही विचारा, मी हळू उत्तर देते.

"लंचला काय आहे?" लोइसबाईंनी ओरडून विचारलं. वीणानं कुजबुजत चार पदार्थांची ग्रीक नावं घेतली. सगळे हसले.

आठल्ये उभे राहिले. मराठी इथे कुणाला कळत नव्हतं, आणि लेक इतकी लांब होती की तिच्या डोळ्यांत बघावं लागणार नव्हतं. ते ओरडले, "वीणा, तू इथे सुखी आहेस का गं?"

ती वर बघत राहिली. मग एकच शब्द आला, इतका हळू आणि इतका स्वच्छ की कानाशी बसून बोलल्यासारखा.

"ने."

आठल्ये मटकन खाली बसले. इतक्या वर्षांनी पोरगी बापाशी मराठीत बोलली होती, आणि काय बोलली होती, तर मला ने. पायऱ्या उतरून ते खाली आले तेव्हा वीणानं त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं. "थँक्स फॉर आस्किंग, बाबा," ती म्हणाली. "नोबडी एव्हर आस्क्ड." आठल्यांना वाटलं, आता याहून जास्त उलगडून विचारणं म्हणजे पोरीचा मान घालवणं आहे. त्या दिवशी परतताना ते लोइसबाईंच्या पुढे होते.

संध्याकाळी कोपऱ्यावरच्या टपरीतल्या फोनवरून त्यांनी घरी फोन लावला.

"येतेय ती," ते म्हणाले. "ने म्हणाली मला. मराठीत म्हणाली."

"खरंच?" शरयूबाईंनी विचारलं. मग नाक ओढल्याचा आवाज आला. फोन ठेवल्यावर शरयूबाईंनी पहिला फोन केला पेंडशांकडे, त्यामुळे पुढचे करायची गरज उरली नाही.

दुसऱ्या दिवशी रात्रीच्या जेवणाला कातीना टेबलाशी येऊन उभी राहिली आणि वीणाशी बराच वेळ बोलली. बोलताना ती मधूनमधून आठल्यांकडे बघत होती.

"बाबा," वीणा वळून म्हणाली, "डिड यू टेक हर चेअर?"

"तिनं दिली."

"अँड द बेसिल?"

"तीही दिली. ने, ने म्हणाली. नी धातू आहे तो, आपलाच." त्यांनी लोइसबाईंनाही सांगितलं, इंग्रजीत, नीट समजावून.

वीणानं नॅपकिनमध्ये तोंड लपवलं. तिचे खांदे हलत होते. मग डोळे पुसत ती म्हणाली, "बाबा, ने मीन्स येस."

"नक्की?"

"ने," वीणा म्हणाली.

आठल्यांनी पानातली माठाची भाजी बाजूला सारली. लिंबाचं ठीक होतं. कुंडीची लाज वाटत होती, खुर्चीची तर फारच. पण ती एकेक उजळणी करत मन ज्याच्याकडे जायला धजत नव्हतं तिथे ते अखेर पोचलंच. तू सुखी आहेस का? येस. मराठीत ती काही बोललीच नव्हती, आणि 'मला ने' असंही म्हणाली नव्हती. तिकडे शॉमबर्गमध्ये शरयू वीणाच्या खोलीतल्या चादरी बदलत असणार. आठल्यांना मोठ्यानं रडावंसं वाटलं, पण समोर ओहायो बसलेलं होतं.

ते उठले, हॉटेलवर गेले आणि एका हातात कुंडी, डोक्यावर खुर्ची असे गावातून परत आले. कातीनानं कुंडी घेतली, दाराशी ठेवली आणि पोट धरून हसली. खुर्ची हरवली नाही ना, एवढंच तिला जाणून घ्यायचं होतं. हसून झाल्यावर तिनं ती खुर्ची परत आठल्यांच्या छातीशी लावली.

"मी? घेऊ?" आठल्यांनी स्वतःकडे बोट करून विचारलं.

"ने," म्हातारी म्हणाली, आणि या वेळी दोन्ही भाषांत चालण्यासारखं होतं.

शेवटच्या दिवशी सकाळी बापलेक दोघंच सायकलवर निघाले. संत्र्यांच्या बागांमधून रस्ता जात होता. बऱ्याच वेळानं आठल्ये म्हणाले, "मराठीत ने म्हणजे घेऊन जा. टेक."

"ओके," वीणा म्हणाली. थोडं पुढे गेल्यावर तिचा ब्रेक करकरला. ती एक पाय जमिनीवर टेकून उभी राहिली. "सो व्हेन यू आस्क्ड मी. अ‍ॅट द थिएटर."

"हो."

"ओह, बाबा."

"तुझ्या आईला फोन पण केला मी."

तिला हसावं की रडावं कळेना. तिनं दोन्ही थोडं थोडं केलं. आठल्यांनी पँटच्या क्लिपा नीट केल्या. त्यांचे शब्द ठरलेले होते, नाही म्हणाली तर काय बोलायचं त्याचे, विमानात सगळे जुळवून आणलेले. आता त्यातला एकही कामाचा नव्हता. ती नाही म्हणालीच नव्हती. तिनं फक्त खरं सांगितलं होतं, तेही इतक्या लोकांसमोर, आणि विचारणारे आपणच होतो.

"कॉलेजला मी कळवतो," ते म्हणाले.

"कळवतो व्हॉट?"

"येत नाहीस म्हणून. सीट सोडली म्हणून."

"अँड मॉम?"

"तिलाही मीच सांगतो," आठल्ये म्हणाले. तेवढं धाडस त्यांच्यात नव्हतं, पण मुलीसमोर ते बोलून गेले आणि पायडल मारून पुढे झाले, तोंड दिसू नये म्हणून.

ते धाडस पुढेही आलं नाही. फोन न करताच ते विमानात बसले. ओहेअर विमानतळावर कस्टममधून बाहेर येतात तो समोर अर्धं मंडळ उभं. शरयूबाई नवी साडी नेसून सगळ्यांच्या पुढे. दोन पोरांनी 'वेलकम होम वीणा' असा कागदी फलक धरलेला. दार सरकलं आणि आठल्ये बाहेर आले, निळी खुर्ची काखोटीला मारून. दार पुन्हा सरकलं, तेव्हा एक सरदारजी आले. तिसऱ्यांदा कुणीच आलं नाही.

"कुठाय ती?" शरयूबाईंनी विचारलं.

"भाषांतर चुकलं," आठल्ये म्हणाले.

पोरांनी फलक हळूच खाली घेतला. पेंडसे खुर्चीभोवती एक फेरी मारून आले आणि म्हणाले, "सीट वाचवायला गेला होतात ना? ही घ्या, आणलीत की."

घरी येईपर्यंत गाडीत शरयूबाई खिडकीबाहेर बघत होत्या. आठल्यांनी सगळं सांगितलं, लिंबापासून थिएटरपर्यंत, काही न लपवता. खुर्चीच्या भागाला शरयूबाईंच्या ओठांचा कोपरा हलला, पण त्यांनी तो आवरला. ड्राइव्हवेमध्ये गाडी थांबल्यावर त्या म्हणाल्या, "एवढं गावाला ऐकू जाईल असं विचारलंत. मला का नाही सुचलं कधी तिला विचारायचं?"

"मला तरी कुठे," आठल्ये म्हणाले. "तिनं विचारा म्हटलं म्हणून."

खुर्ची दिवाणखान्यात फोनशेजारी ठेवली गेली, भल्याथोरल्या लेदरच्या सोफ्याच्या बाजूला. तिच्यावर बसायला कुणाला परवानगी नव्हती. वीणाचा फोन आला की मात्र आठल्ये तिच्यावर ताठ बसून बोलत. गणेशोत्सवातलं भाषण त्या वर्षी त्यांनी स्वतःहून कॅन्सल केलं. मंडळानं ती रिकामी जागा आरतीनं भरून काढली आणि पानं वेळेवर पडली. रविवारी सकाळी पार्किंग लॉटमध्ये आता दोन सायकली दिसत. दुसरीवर शरयूबाई साडी खोचून बसलेल्या असत आणि आठल्ये मागून सीट धरून धावत असत. राइड द्यायला कुणी थांबत नव्हतं.

वसंत आला तसा वीणाचा फोन आला. नवा सीझन सुरू होत होता.

"बाबा, शुड आय पुट युवर नेम्स डाउन? यू अँड मॉम? विल यू कम?"

शरयूबाई समोर उभ्या राहून खुणेनं विचारत होत्या, काय म्हणतेय, काय म्हणतेय. आठल्यांनी त्यांना हातानं थांबवलं.

"ने," ते फोनमध्ये म्हणाले.

पलीकडे थोडा वेळ नुसती खरखर होती. मग लेकीचा आवाज आला, अडखळत, जिभेला सवय नसलेला, पण मराठी.

"नेते, बाबा."